अँटीऑक्सिडंटची गोळी मागण्याआधी घरात काय करायचं

कोल्हापुरातल्या गंगावेशीत माझं औषधाचं दुकान आहे, २३ वर्षं झाली. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी येऊन थांबतात, डोळ्यांदेखत धार काढलेलं दूध ग्लासात पडतं, तालमीतली पोरं उभ्यानं पिऊन जातात, आणि नेमकी त्याच वेळेला माझ्या काउंटरवर गर्दी होते. या गर्दीत अलीकडं एक मागणी हमखास असते. "आण्णा, ती अँटीऑक्सिडंटची गोळी द्या की." कुणी मोबाइलमधला फोटो पुढं करतं, कुणी संपलेली स्ट्रिप. कशासाठी पाहिजे विचारलं की प्रत्येकाचं वेगळं. केस गळायलेत. जिना चढताना दम लागतोय. शेजारच्या वहिनी घेतात, त्यांचा चेहरा बघा कसा उजळलाय.

ती गोळी पोटात जाऊन नेमकं काय करते, असं विचारलं तर मात्र बहुतेक जण गप्प होतात. मग मी त्यांना रात्री आठनंतर यायला सांगतो. जे येतात त्यांना सांगतो आणि करून दाखवतो, तेच इथं लिहितोय.

आधी चटणीची बरणी उघडा

आमच्याकडं मार्च-एप्रिल म्हणजे वर्षाच्या चटणीचे दिवस. बाहेरगावचे लोक तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, कोल्हापुरात नुसती चटणी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, वाळवून तळलेला कांदा, लसूण, तीळ, धणे, सुकं खोबरं, खडा मसाला, सगळं डंकावर कुटून आणायचं. बरणीत भरताना मधेमधे हिंगाचे खडे ठेवायचे आणि मुठीनं दाबून दाबून भरायचं. आई आम्हाला दटावून सांगायची, सैल भरू नका, आत वारं राहतंय.

एखाद्या वर्षी ती सैल भरली गेली किंवा उन्हाच्या खिडकीत राहिली, की श्रावणापर्यंत दोन गोष्टी दिसायला लागतात. लाल रंग विटतो आणि वासाला चटणी खवट लागते. उघड्या डब्यात राहिलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचंही तसंच होतं. हे का होतं ते कळलं, की पेशीत काय चालतं ते निम्मं कळलं.

तेलाचा रेणू म्हणजे कार्बनची लांब साखळी. तिच्यात काही ठिकाणी हायड्रोजन सैल धरलेला असतो. इलेक्ट्रॉनला जोडीनं राहायचं असतं. ज्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो, तो फ्री रॅडिकल. शाळेच्या पुस्तकात याला मुक्त मूलक म्हणतात. असा रेणू तेलाच्या साखळीजवळ आला की तिथला सैल हायड्रोजन त्याच्या इलेक्ट्रॉनसकट ओढून घेतो. त्याचं भागतं, पण आता तेलाचा रेणू एकटा पडतो. त्याला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि तो शेजारच्या रेणूकडून ओढतो. शेजारचा त्याच्या शेजाऱ्याकडून. उसाचा वाळलेला पाला एका कोपऱ्याला पेटला की सरीमागून सरी धरत जातो, तसं हे पसरतं. मोडलेल्या साखळ्यांचे जे तुकडे उरतात, त्यांचा तो खवट वास.

आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण याच जातीच्या स्निग्ध रेणूंचं असतं, दोन थरांचं. आत रात्रंदिवस ऑक्सिजन, वर ३७ अंशांची ऊब. बरणीपेक्षा वाईट परिस्थिती. तरी माणूस ७०-८० वर्षं खवट न होता राहतो, कारण आग जिथं लागेल तिथं ती विझवणारे रेणू पेशीत जागोजागी असतात. ते अँटीऑक्सिडंट. ते आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतात आणि दिल्यावरही स्वतः फारसे उपद्रवी होत नाहीत, म्हणून साखळी तिथं तुटते.

चटणीचा रंग विटण्याचं कारणही तेच. मिरचीचा लाल रंग म्हणजे कॅप्सँथिन, गाजरातल्या कॅरोटीनचा भाऊबंद. ऑक्सिजन आणि उजेडाशी झुंजताना तो खर्ची पडतो. फिक्या चटणीत राखणदार संपत आलेले असतात. म्हणून पहिलं काम: चटणी, कूट, तीळ, जवस, तेल, सगळं अंधारात, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि कूट एका वेळी आठवड्यापुरतंच. फुटाणे-शेंगदाणे खवट लागले तर "भाजीत खपून जाईल" म्हणून वापरू नका, टाकून द्या.

हे फ्री रॅडिकल येतात कुठून? बरेचसे आपल्या श्वासातूनच. पेशीतली मायटोकाँड्रिया अन्नातले इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देत शेवटी ऑक्सिजनला देते आणि त्यातून ऊर्जा काढते. हाताहाती देताना थोडे सांडतात, ते ऑक्सिजनवर पडले की सुपरऑक्साइड हा रॅडिकल तयार होतो. बाकी तंबाखूचा धूर, ऊन, गाड्यांचा धूर, चुलीचा धूर यांतून. आणि काही शरीर मुद्दाम बनवतं: जंतू आत शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्यावर हेच रॅडिकल सोडून त्याला मारतात. म्हणजे यांचा पार नायनाट करायचा विचारच चुकीचा. आग चुलीत पाहिजे, छपराला नको.

बटाट्याचा फेस

हा प्रयोग पोरांना घेऊन करा. औषधाच्या दुकानात जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. कच्च्या बटाट्याची एक चकती आणि उकडलेल्या बटाट्याची एक चकती ताटलीत ठेवा, दोन्हींवर चार-चार थेंब टाका. कच्च्यावर पांढरा फेस उसळतो. उकडलेला गप्प बसतो.

फेस कॅटालेज नावाच्या एन्झाइममुळे येतो. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. जखमेवर औषध घातल्यावर जो फेस येतो, तो आपल्या स्वतःच्या कॅटालेजचा. पेशीत काम साखळीनं चालतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, मग कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडचं पाणी करतात. यातलं पहिलं एन्झाइम काय काम करतं ते मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या दोन संशोधकांनी १९६९ साली दाखवलं. त्याआधी जिवंत पेशीत रॅडिकल बनतात यावरच फार लोकांचा विश्वास नव्हता.

उकडलेला बटाटा गप्प का बसला, ते लक्षात ठेवा. एन्झाइम म्हणजे प्रथिन, उष्णतेनं त्याची घडी मोडली. पोटातही प्रथिनं पचून जातात. म्हणून "एन्झाइमयुक्त" असं छापलेली महागडी पावडर गिळल्यानं ते एन्झाइम तुमच्या यकृतातल्या पेशीत जाऊन बसत नाही. शरीराला ते स्वतः घडवावं लागतं, आणि त्यासाठी कच्चा माल लागतो: जस्त, तांबं, मँगनीज, लोह, सेलेनियम आणि पुरेशी प्रथिनं. ग्लुटाथायोन तर तीन अमिनो आम्लांपासूनच बनतं, त्यातलं सिस्टीन सगळ्यात महत्त्वाचं. अंडी, डाळी, मटकी, दूध, तीळ, नाचणी, मासे, मटण, यातलं जे घरात चालतं ते रोज पोटात गेलं पाहिजे. फळांचा रस पिऊन जेवण सोडणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. राखणदाराला पगार दिला नाही तर तो उभा राहणार कसा?

ग्लुटाथायोन संपलं तर काय होतं, हे माझ्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पॅरासिटामॉल, साधी तापाची गोळी, प्रमाणाबाहेर घेतली की यकृतात तिचा एक विषारी तुकडा बनतो. नेहमीच्या मात्रेत ग्लुटाथायोन त्याला बांधून टाकतं. मात्रा वाढली की साठा रिकामा होतो आणि यकृताच्या पेशी मरायला लागतात. दवाखान्यात त्यावर उतारा देतात तो अॅसिटिलसिस्टीनचा, म्हणजे ग्लुटाथायोन बनवायचा कच्चा मालच. ताप उतरत नाही म्हणून सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी आणि तापाची गोळी एकदम घेऊ नका. तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. स्ट्रिपवर घटक वाचा, नाही वाचता आले तर आम्हाला विचारा.

आयोडीनचा ग्लास

दुसरा प्रयोग माझ्या काउंटरवर कायम मांडलेला असतो. काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी, त्यात जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे पाच-सहा थेंब. रंग कोऱ्या चहासारखा येतो. आता लिंबाचा रस चमच्यानं थोडा थोडा घाला आणि ढवळा. रंग फिका होत होत निघून जातो. आवळा किसून त्याचा रस घेतला तर लिंबापेक्षा कितीतरी कमी रसात काम होतं. क जीवनसत्त्वानं आयोडीनला इलेक्ट्रॉन दिले आणि त्याचा रंग गेला. अँटीऑक्सिडंट काय करतं ते डोळ्यांनी बघायचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही. हे पाणी पिऊ नका, मोरीत ओता, आणि कपड्यावर उडू देऊ नका.

एक मावशी हे बघून म्हणाल्या, "मग मी रोज लिंबूच खातो की." खावं, पण नुसतं लिंबू पुरत नाही. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, ते रक्तात आणि पेशीतल्या पाण्यात पहारा देतं. आवरणाच्या स्निग्ध थरात त्याला शिरता येत नाही. तिथं ई जीवनसत्त्व लागतं, जे शेंगदाण्यात, बदामात, सूर्यफुलाच्या बियांत, तेलात असतं. आवरणात आग लागली की ई आपला इलेक्ट्रॉन देऊन ती थांबवतं आणि स्वतः रिकामं होतं. मग पाण्याच्या बाजूनं क येतं आणि ई ला पुन्हा भरून देतं. एकट्यादुकट्यानं कुणी लढत नाही, म्हणून एकाच जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेऊन काम भागत नाही.

आणि मिरचीवाल्या गावाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. क जीवनसत्त्वावरच्या कामाचा १९३७ सालच्या नोबेल पुरस्कारात मोठा वाटा आहे. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे हंगेरीतल्या सेगेद गावी काम करत होते. अभ्यासाला पुरेल एवढं शुद्ध द्रव्य त्यांना मिळत नव्हतं. शेवटी ते त्यांना गावातल्या लाल मिरचीत, पॅप्रिकात, किलोच्या मापानं सापडलं. सेगेद हे तिकडचं मिरचीचंच गाव. मात्र ती ताजी मिरची होती. वाळवून कुटलेल्या मिरचीत क फारसं उरत नाही, रंगातलं कॅरोटीन उरतं. म्हणून आपली चटणी कितीही झणझणीत असली तरी ताटात ताजं काहीतरी लागतंच.

मंडईपासून ताटापर्यंत

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. मध्यम आकाराच्या एका पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. कपिलतीर्थ मंडईत पेरूवाल्या बायका तिखट-मीठ लावून चिरून देतात, तो एक पेरू झाला की त्या दिवसाचा हिशेब संपला. पाचशे रुपयांच्या डब्यावर "संत्र्याचा अर्क" वाचून मोहरून जाणाऱ्या माणसाला मी आधी मंडईत पाठवतो.

मंडईत जाताना मी एकच नियम पाळतो: पिशवीत किमान चार रंग. लाल-केशरी म्हणजे टोमॅटो, गाजर, भोपळा. गडद हिरवा म्हणजे पोकळा, चाकवत, मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला. जांभळा म्हणजे वांगं, बीट, आणि मे महिन्यात राधानगरी-गगनबावड्याकडून येणारी करवंदं, मग जांभळं. पांढरा म्हणजे कांदा, लसूण, मुळा. प्रत्येक रंगाच्या मागं वेगळा रेणू असतो आणि प्रत्येकाची पोहोच वेगळ्या ठिकाणी. करवंदं आणि जांभळं यांचा मोसम जेमतेम असतो, तेव्हा पानाच्या द्रोणातली घेऊन खा. त्यांचा गडद रंग अँथोसायनिनचा. परदेशी बेरी पाकिटातून विकत घ्यायची काही गरज नाही.

भाजी घरी आल्यावर खरं नुकसान सुरू होतं. पालेभाजीची पेंडी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की क जीवनसत्त्व आणि फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातात. रात्री चिरून सकाळी फोडणी टाकायची सवय नोकरी करणाऱ्या घरात असते, माझ्याही घरात आहे. ती पूर्ण सोडणं जमत नाही, म्हणून आम्ही तोडगा काढलाय: रात्री निवडून ठेवायचं, चिरायचं सकाळी. शिजवताना पाणी कमी, झाकण घट्ट, वेळ थोडा. भाजी उकळलेलं पाणी ओतून देऊ नका, आमटीत घाला. लिंबू आणि कोथिंबीर भांडं खाली उतरवल्यावर.

सगळंच कच्चं खाल्लं पाहिजे असं मात्र नाही. टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याचा लाल रंग, आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवल्यावर, थोड्या तेलाबरोबर, जास्त चांगलं शोषलं जातं. मिसळीवर तरंगणारा लाल कट आठवा. मिरचीचा रंग पाण्यात न राहता तेलात चढतो, कारण ही सगळी मंडळी स्निग्धात विरघळणारी. कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालायची आपली रीत याच कारणानं शहाणपणाची आहे. कट मात्र पळीभरच घ्या. भरला वाडगा रिचवला तर तेलाचंच ओझं वाढतं.

मिसळीतली मटकी ही आणखी एक दौलत. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नसल्यात जमा असतं. भिजवून मोड आणले की बी स्वतःच ते बनवायला लागतं. मूठभर मोड कच्चे बाजूला काढून, गरम पाण्यातून काढून घेऊन, कांदा-लिंबू घालून खा.

लसूण ठेचून लगेच गरम तेलात टाकू नका. पाकळीत एक पदार्थ आणि एक एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, ठेचल्यावर ते भेटतात आणि लसणाला त्याचा उग्र वास देणारं अॅलिसिन तयार होतं. लगेच फोडणीत टाकला तर एन्झाइम मरतं, बटाट्यासारखंच. ठेचा, दहा मिनिटं ठेवा, तोवर कांदा चिरून होतो. कांदा सोलताना वरचे जाड पापुद्रे दोन-तीन काढून टाकतात. कांद्यातलं क्वेर्सेटिन नावाचं अँटीऑक्सिडंट बाहेरच्या पापुद्र्यांत सगळ्यात जास्त असतं, तेव्हा फक्त वाळलेली साल काढा. नाचणीचं पीठ चाळू नका. तिची सगळी तपकिरी दौलत टरफलात आहे.

हळदीबद्दल रोज कुणीतरी विचारतं. तिच्यातलं पिवळं द्रव्य, करक्युमिन, शरीरात फार कमी शोषलं जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की मिरीतल्या पायपरीनबरोबर दिलं तर रक्तातलं करक्युमिन कितीतरी पटीनं वाढतं. हळदीच्या दुधात दोन मिरी कुटून घाला, काही बिघडत नाही. पण याच कारणासाठी मिरीचा अर्क घातलेल्या करक्युमिनच्या जोरदार कॅप्सूल महिनोन्महिने घेऊ नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातल्या हळदीला घाबरायचं कारण नाही.

गुळाचं सांगितलं नाही तर कोल्हापूरकर मला सोडणार नाहीत. गुळात थोडं लोह आणि उसातले काही फेनॉलिक पदार्थ राहतात, साखरेत ते राहत नाहीत, हे खरं. पण गूळ मुख्यतः साखरच आहे, आणि रक्तातली साखर सतत चढी राहिली की पेशीत रॅडिकल वाढतातच. मधुमेहाच्या माणसानं "अँटीऑक्सिडंट आहे" म्हणून खडाभर जास्त गूळ खाणं म्हणजे पाणी मारायला रॉकेलचा डबा घेणं. ज्यांना चालतो त्यांनी भडक पिवळा टाळून गडद रंगाचा घ्यावा. तो पिवळा रंग आणायला काही जण हायड्रोस नावाचं रंग उडवणारं रसायन वापरतात.

जिथं आग लागते तिथं बघा

ताटापेक्षा जास्त फरक इथं पडतो, म्हणून जरा थांबून वाचा.

आमच्या भागात बिडी-सिगारेटइतकीच मशेरी आहे. सकाळी चुलीवर तंबाखू भाजायचा आणि दातावर घासायचा, आणि मग दिवसातून चार-पाच वेळा. घेणाऱ्या बायका तिला व्यसन मानतच नाहीत, "दातासाठी हाय" म्हणतात. तोंडातल्या नाजूक त्वचेवर दिवसभर तंबाखूचा मारा होतो आणि त्यावर कितीही पेरू खाल्ले तरी भरपाई होत नाही. धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी आढळतं, कारण ते धुराशी लढण्यातच संपतं. अमेरिकेत अशा लोकांना रोज ३५ मिलिग्रॅम जादा घ्यायला सांगतात. मशेरी सोडायची असेल तर एकदम नाही जमत, हे मी बघितलंय. आधी दुपारची सोडा, मग रात्रीची, सकाळची शेवटी. तोंडात पांढरा चट्टा दिसला, तोंड उघडायला कमी होऊ लागलं, तर गोळी मागायला येऊ नका, सरळ दंतवैद्याकडं जा.

दुसरी आग कढईत. भज्यांचं, वड्यांचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की चटणीत जे महिन्यांत होतं ते तासांत होतं. खाद्य नियामक संस्थेनं १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातले खराब पदार्थ २५ टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत असा नियम केला आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळवंडलं, चिकट झालं, तापवताना फेसाळलं, लवकर धुरावलं, की ते गेलं. उरलेलं तळणाचं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, नव्या तेलात मिसळू नका.

तालमीतल्या पोरासाठी

मागच्या वर्षी कागल तालुक्यातला एक एकोणीस वर्षांचा पोरगा आला, इथल्या तालमीत राहणारा. घरचे महिन्याला जे पाठवायचे त्यातले अठराशे रुपये त्यानं एका डब्यावर घातले होते. क आणि ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा, व्यायामानंतर घ्यायची. मी त्याला बसवून सांगितलं, ते सगळ्या पैलवानांच्या वडिलांसाठी इथं लिहितो.

व्यायाम करताना स्नायूत रॅडिकल वाढतात. तेच पेशीला निरोप देतात, "राखण वाढवा", आणि पेशी स्वतःची एन्झाइमं जास्त बनवायला लागते. शरीर घडतं ते या निरोपानं. जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुणांना व्यायामाबरोबर रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सुधारलं, स्वतःची संरक्षक एन्झाइमं वाढली. गोळ्या घेणाऱ्यांत हा फायदा दबला. निरोप पोचायच्या आधीच पुसला गेला.

त्या पोराला मी विचारलं, थंडाई कोण घोटतं? म्हणाला, वस्ताद घोटायला लावतात. भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, दूध. शंभर ग्रॅम बदामात २५ मिलिग्रॅमच्या आसपास ई जीवनसत्त्व असतं, बरोबर प्रथिनं आणि स्निग्ध. त्याला म्हटलं, अठराशे रुपयांचे बदाम आण, रोज एक पेरू खा आणि नऊ वाजता झोप. डबा त्यानं परत केला नाही, आणला होता तेवढा संपवला. पण दुसरा घेतला नाही.

गोळी कुणाला, कुणाला नाही

सिगारेट-बिडी ओढणाऱ्यानं, किंवा पूर्वी खूप ओढलेल्यानं, बीटा कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरातल्याच कॅरोटीनच्या, कॅप्सूल घेऊ नयेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त झाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली. तिथं वाढ २८ टक्के होती. पुढं पुरुषांना ४०० युनिट ई दिलेल्या अमेरिकी चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला, ते २०११ साली छापून आलं. गाजर खाणाऱ्याला यातलं काही होत नाही. एकाच रेणूची मोठी मात्रा वर्षानुवर्षं ओतली, की तो रेणूच उलटू शकतो.

हे मला उशिरा कळलं. दुकानाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ट्रकचालकाला मी जवळजवळ दोन वर्षं बीटा कॅरोटीन असलेल्या कॅप्सूल देत होतो. ते दिवसाला वीस-बावीस सिगारेटी ओढायचे, आणि "एवढी ओढतो म्हणून तेवढं तरी घेतो" म्हणायचे. मला तेव्हा ते बरोबरच वाटायचं. फिनलंडच्या चाचणीविषयी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या खेपेला त्यांना सगळं सांगितलं, माफी मागितली, कॅप्सूल बंद केल्या. तेव्हापासून ही गोळी मागणाऱ्याला मी पहिला प्रश्न तंबाखूचाच विचारतो.

रक्त पातळ करणारी गोळी, विशेषतः वॉरफेरिन, चालू असेल तर ई ची मोठी मात्रा नको, रक्तस्राव वाढतो. मुतखडा होऊन गेला असेल तर क च्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज चघळू नका. कर्करोगाची केमो किंवा रेडिएशन चालू असेल तर आपल्या मनानं काहीच सुरू करू नका; काही उपचार रॅडिकलच्याच जोरावर गाठ मारतात.

गोळीचा खरा उपयोग कुठं आहे? म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मॅक्युलर डिजनरेशन नावाचा आजार मधल्या टप्प्यावर असेल, तर क, ई, जस्त, तांबं यांचं ठरावीक मिश्रण तो वाढायचा वेग कमी करतं, हे मोठ्या चाचणीत दिसलंय. त्यातही २०१३ नंतर बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटिन आणि झियाझँथिन ही त्याचीच भाऊबंद असलेली दोन द्रव्यं घालतात. पण हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासून ठरवायचं. ज्यांचं अन्न खरोखरच तुटतंय, शस्त्रक्रियेनंतर खाणं जात नाही, शोषण होत नाही, त्यांनाही डॉक्टर मल्टिव्हिटामिन देतात. त्याला माझी ना नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात याल तेव्हा घरात चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिपा, पावडरी, काढे, मोबाइलवरून मागवलेले डबेसुद्धा, एका पिशवीत घालून आणा. रात्री आठनंतर या, गर्दी नसते. आपण एकेकावरचे घटक वाचू, दोन ठिकाणी तेच औषध येतंय का बघू, आणि जे नको ते वेगळं काढू. पोरांना घेऊन आलात तर आयोडीनचा ग्लास मांडलेलाच असतो. आवळा तेवढा तुम्ही आणा.